ओशट आणि कुबट : पलंगावरच्या कपड्यांच्या प्रकल्प नोंदी

४ मे

तक्रारी दोन आहेत. पहिली, धुऊन घातलेली चादर दोन-तीन रात्रींत शिळी वाटायला लागते. दुसरी, काही चादरी कपाटातून काढतानाच नाक मुरडायला लावतात, म्हणजे अंगाखाली जायच्या आधीच बाद. आजवर दोन्हींवर एकच उपाय होता : पुढच्या धुण्याला सुवासाचं काहीतरी जास्त ओतायचं. हे दोन वास मुळात एक नाहीतच, असा माझा अंदाज आहे. पहिला ओशट, थोडा आंबूस. दुसरा कुबट, ओल्या मातीच्या जवळ जाणारा. पहिला अंगातून येतो, दुसरा ओलीतून. तसं असेल तर दोघांचे उपायही वेगळे असणार.

म्हणून या प्रकल्पात सुगंध शेवटी. आधी वास कुठून येतो ते शोधायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशाने आला ते कधीच कळणार नाही.

६ मे

वास मोजायचा कशाने? स्वतःच्या नाकावर भिस्त ठेवता येत नाही. एकाच वासात सतत राहिलं की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं, त्यामुळे आपल्या अंथरुणाचा वास आपल्यालाच सगळ्यांत कमी येतो. "मला तर काही येत नाही," हे घरातलं ठरलेलं उत्तर प्रामाणिक असलं तरी पुरावा म्हणून निरुपयोगी आहे.

परीक्षक म्हणून आईला नेमलं. ती आमच्याकडे झोपत नाही, आणि तिच्या नाकातून काही सुटत नाही. पद्धत अशी : अभ्रा, चादरीचा मधला भाग, पायाकडचा भाग हे सगळं वेगवेगळ्या रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्यांत कोंबायचं, झाकण लावायचं, बरण्या काही वेळ कोमट पाण्यात उभ्या करायच्या आणि मग उघडून हुंगायच्या. बरणीच्या तळाला आकडा, तो आईला दिसणार नाही. कोमट पाणी महत्त्वाचं. वासाचे रेणू उबेने सुटतात. गार पडलेल्या पलंगाला वास नसतो आणि आडवं झाल्यावर पाच मिनिटांत तो जाणवू लागतो, त्याचं कारण हेच.

९ मे

आईचा निकाल स्पष्ट आहे. अभ्रा सगळ्यांत वाईट, तोही फार पुढे. त्यानंतर चादरीचा खांद्यापाशी येणारा पट्टा. पायाकडचा भाग जवळजवळ निर्दोष.

"अगं, हा डोक्याचा वास आहे, घामाचा नव्हे," आई म्हणाली. ते बरोबरच आहे. ताज्या घामाला स्वतःचा वास फारसा नसतो, त्वचेवरचे जिवाणू तो फोडतात तेव्हा आंबूसपणा येतो. डोकं, चेहरा, मान आणि पाठीचा वरचा भाग इथे तर तेलग्रंथींची दाटी असते. त्यांतलं तेल कापडात मुरतं आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे हळूहळू खवट होतं. वयाबरोबर अंगाला येणाऱ्या वासामागे २-नॉनेनल नावाचा रेणू असल्याचं जपानी संशोधकांनी २००१ साली दाखवलं. तोही त्वचेवरच्या तेलकट आम्लांच्या ऑक्सिडीकरणातूनच तयार होतो. त्यात केसांचं तेल आणि रात्रीचं क्रीम यांची भर.

म्हणजे ओशट वासाचं मूळ तेलात आहे. तेल कापडातून निघालं नाही तर त्यावर कितीही सुवास फवारला तरी दोन रात्रींत तोच वास वर येणार.

पहिला बदल लगेच केला. अभ्रे चादरीबरोबर बदलण्याची प्रथा बंद. चादर आठवड्याने, अभ्रा मधेच एकदा. धुण्यात जेमतेम मूठभर वाढ होते.

१२ मे

कापडाकडे वळले. आमच्याकडे निम्मे अभ्रे शुद्ध सुती आहेत आणि निम्मे पॉलिएस्टर-मिश्रित, ज्यांना इस्त्री लागत नाही म्हणून ते लाडके. दोन्ही प्रकार एकाच डोक्याखाली आळीपाळीने वापरले आणि एकत्रच धुतले. वापरलेल्या अभ्र्यांत फरक होताच, पण धुतलेल्या अभ्र्यांतही आईने मिश्र कापड अचूक ओळखलं.

कारण धाग्यात आहे. प्रमाणित हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, जवसाच्या धाग्याचं लिनन त्याहून जास्त, आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पाण्याशी फटकून वागणारा हा धागा तेलाशी मात्र सलगी करतो. त्यामुळे अंगाचं तेल त्याला घट्ट चिकटतं आणि पाण्याच्या धुण्यात सहज सुटत नाही.

मिश्र अभ्रे टाकून देणार नाही. पाहुण्यांच्या पलंगाला चालतील, एखाद्या रात्रीने काही बिघडत नाही. रोजच्या उशीला मात्र सुतीच. दाट विणीचे मोठमोठे आकडे छापलेली पाकिटं पाहून हुरळायचं नाही, हेही इथेच लिहून ठेवते. फार दाट कापड वाळायला वेळ घेतं, आणि आमची अर्धी लढाई वाळवण्याशीच आहे असं वाटतंय.

१५ मे

धुणं. तेल काढायचं तर तीन गोष्टी लागतात : पृष्ठभागावर काम करणारं डिटर्जंट, ऊब आणि वेळ. आम्ही यातला वेळ वाचवत होतो. झटपट धुण्याचं चक्र धुळीला ठीक आहे, तेलाला नाही. बऱ्याच डिटर्जंटमध्ये तेल फोडणारं लायपेज आणि प्रथिनं फोडणारं प्रोटिएज ही विकरं (एन्झाइम) असतात. ती कोमट पाण्यात चांगलं काम करतात, पण त्यांना वेळ द्यावा लागतो. म्हणून सध्याची रीत अशी : अभ्रे उलटे करायचे, कोपऱ्यांतला कचरा झटकायचा, कोमट पाण्यात डिटर्जंट घालून अर्धा-पाऊण तास भिजत ठेवायचे आणि मग मशीनचं लांब चक्र. पांढरं आणि पक्क्या रंगाचं सुती कापड ६० अंश सेल्सिअसवर, बाकी ४० वर. ६० अंशांना धुळीतले सूक्ष्म कीटक, ज्यांना डस्ट माइट म्हणतात, तेही मरतात. घरात कुणाला सकाळी उठल्याबरोबर शिंका येत असतील तर हे विशेष उपयोगी.

जुन्या, पिवळट पडलेल्या अभ्र्यांना सोडियम परकार्बोनेट. गरम पाण्यात त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि मागे उरतो धुण्याचा सोडा. दोन्ही कामाचे. ४० अंशांच्या खाली ते फारच सुस्त असतं. रेशीम आणि लोकर यांच्या वाटेला ते जाऊ द्यायचं नाही.

डिटर्जंटचं प्रमाण पाकिटावर लिहिलंय तेवढंच. जास्त घातल्याने चादर जास्त स्वच्छ होत नाही, उलट फेस नीट निघत नाही, कापडात राळेसारखा थर बसतो आणि पुढची धूळ-तेल त्यालाच चिकटते. खात्री करायची असेल तर धुतलेला अभ्रा स्वच्छ पाण्यात पुन्हा खळबळून पाहावा. आमच्या पाण्याला फेस आला.

आणि मशीन ठासून भरायची नाही. मोठ्या चादरी पिळा घेऊन गोळा होतात, मधल्या भागाला पाणी लागतच नाही. एका वेळी दोन चादरी आणि त्यांचे अभ्रे, बस्स.

१६ मे

मशीनचीच तपासणी. दाराच्या रबरी पट्टीच्या घडीत काळपट, बुळबुळीत थर आणि त्यात एक मोजा. डिटर्जंटच्या कप्प्याच्या वरच्या बाजूलाही तोच थर. गार पाण्यात धुवायचं, सॉफ्टनर (कपडे मऊ करणारं सुवासिक द्रव्य) ओतायचं आणि लगेच दार लावून घ्यायचं, या तिन्ही सवयी या थराला पोसतात.

कप्पा काढून घासला, पट्टी पुसली, रिकाम्या मशीनला सगळ्यांत गरम चक्र दिलं. यापुढे धुणं झालं की दार आणि कप्पा उघडे राहतील. मोजा कुणाचा ते कुणी कबूल करत नाही.

२१ मे

सॉफ्टनर बंद केल्याला आता काही धुणी झाली. घरात कुरकुर आहे : "चादर कडक लागते." लागते खरी, पहिल्या रात्री. पण सॉफ्टनर म्हणजे धाग्यावर बसणारा धनभारित, मेणचट थर. मऊपणा त्यातूनच येतो आणि त्याच थरामुळे कापड ओलावा कमी शोषतं. रात्रभरात माणसाच्या त्वचेतून आणि श्वासातून पाव लिटरच्या आसपास पाणी नुसतं वाफेने जातं, घाम आला तर त्याहून अधिक. ते सामावून घेणारी चादर हवी. मऊपणासाठी वाळत घालण्याआधी चादर दोघांनी दोन टोकं धरून जोरात झटकावी, अर्धवट वाळली की पुन्हा एकदा.

पांढऱ्या व्हिनेगरचा प्रयोगही केला, शेवटच्या खळबळीत थोडंसं. डिटर्जंटचा अल्कधर्मी अंश त्याने उदासीन होतो आणि कापड जरा हलकं लागतं. वाळल्यावर व्हिनेगरचा वास उरत नाही. पण दर धुण्याला घालणार नाही, मशीनच्या रबराला सततचं आम्ल बरं नव्हे. एक गोष्ट मात्र ठळक लिहून धुण्याच्या जागी चिकटवली : व्हिनेगर आणि क्लोरीनचं ब्लीच कधीही एकत्र नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

२४ मे

आजची नोंद मोठी होणार, कारण खरं घबाड इथेच सापडलं.

एकाच धुण्यातली एक चादर उन्हात टाकली, तिची जोडीदार न्हाणीघरात दार लावून. दोन्ही वाळल्यावर बरण्यांत घातल्या. आईने दुसरी बरणी उघडली आणि बंद केली. बोलायचीही गरज वाटली नाही तिला.

ओल्या कपड्याचा हा वास बहुतेक वेळा जिवाणूंचा असतो. जपानी संशोधकांनी २०१२ साली त्यामागे मोराक्झेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचं दाखवलं. धुतल्यावरही तो कापडात तग धरतो आणि उरल्यासुरल्या तेल-घामावर वाढून घाणेरड्या वासाचं आम्ल तयार करतो. म्हणजे कापडात तेल उरलं आणि वाळायला वेळ लागला की ओशट आणि कुबट यांची इथे गाठ पडते. माझी ४ मेची वाटणी त्यामुळे पूर्ण टिकत नाही, वास दोन असले तरी त्यांना पोसणारं अन्न एकच आहे. धुणं आटोपल्यावर ओल्या चादरी मशीनमध्ये तास-तास पडून राहणं म्हणजे त्या जिवाणूला आमंत्रण. आता मशीनची घंटा वाजली की जो घरात असेल त्याने उठायचं.

आणि उन्हाचा तो वास? तो आपल्या मनाचा खेळ नाही. कोपनहेगनच्या रसायनशास्त्रज्ञांनी ओले सुती टॉवेल उन्हात, सावलीत आणि घरात वाळवून त्यांतून सुटणारी द्रव्यं तपासली आणि २०२० साली निष्कर्ष मांडले. उन्हात वाळलेल्या टॉवेलांत पेंटॅनल, ऑक्टॅनल, नॉनॅनल असे आल्डिहाइड आणि कीटोन वर्गातले रेणू मिळाले. यांतले कित्येक अत्तरांतही असतात. ओल्या पृष्ठभागावर सूर्यप्रकाश आणि हवेतला ओझोन यांची काहीतरी किमया चालते, असं त्यांचं म्हणणं. मला यातलं आवडलं ते असं की कापड ओलं असताना ऊन लागायला हवं. घरात वाळवून मग तासभर उन्हात ठेवलेल्या चादरीला तो वास आमच्याकडे तरी आला नाही.

रंगीत चादरी उलट्या करून टाकायच्या, ऊन रंग खातं.

२ जून

पाऊस. दोरी घरात.

५ जून

घरात वाळवायचं तर वारा हाच सूर्य. चादर दोरीवर चार पदरी टाकली तर आतल्या दोन पदरांना हवा लागत नाही. दोन दोऱ्यांवर तंबूसारखी पसरून, मधे हात जाईल एवढी जागा ठेवून, खाली जमिनीवरचा पंखा लावला. मशीनला जादा स्पिन दिला, पिळण्यात जेवढं पाणी जाईल तेवढं वाळवण्यातून वाचतं. खिडकी थोडी उघडी, म्हणजे दमट हवा बाहेर पडेल.

चादर मधे हाताला कोरडी लागते तेव्हा काठाची दुहेरी शिलाई आणि लवचीक चादरीच्या कोपऱ्यांतलं इलॅस्टिक अजून ओलसर असतं. वाळलं की नाही ते तिथेच चाचपायचं, तेही गालाला लावून. बोटांना गार आणि ओलं यांतला फरक नीट कळत नाही, गालाला कळतो. शंका आली तर त्या काठांवर गरम इस्त्री, आणि इस्त्रीनंतर घडी घालण्याआधी चादर गार होऊ द्यायची. गरम घडीत वाफ अडकते.

११ जून

कपाट. चादरींचा कप्पा बाहेरच्या भिंतीला टेकलेला, चादरी मागच्या फळीपर्यंत खेटून. छोटं आर्द्रतामापक यंत्र आत ठेवलं : खोलीत ५८ टक्के, कप्प्याच्या मागच्या बाजूला ७१. भिंत गार, तिच्यालगतची हवा गार, म्हणून तिची सापेक्ष आर्द्रता जास्त. बुरशीला एवढं पुरतं. कुबट मातकट वासाच्या बाबतीत तर माणसाचं नाक विलक्षण तिखट आहे, जिओस्मिन हे मातकट द्रव्य पाण्यात अब्जांशाच्याही शंभराव्या भागाएवढं असलं तरी ओळखू येतं. बुरशी डोळ्याला दिसण्याच्या कितीतरी आधी नाक तक्रार करतं ते त्यामुळे.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. फळ्या पुसून, दार उघडं ठेवून दिवसभर वाळवल्या. चादरींचे ढीग अर्ध्यावर आणले. ज्या जोड्या वर्षानुवर्षं कुणी काढल्या नव्हत्या त्या फाडून पुसायला घेतल्या. धुतलेली जोडी ढिगाच्या खाली घालायची आणि वापरायला वरची काढायची, म्हणजे कुठलीच कुजत पडत नाही.

प्लॅस्टिकच्या पिशव्याही गेल्या. त्या ओल कोंडतात. शिवाय काही प्लॅस्टिकमध्ये बीएचटी हे टिकाऊपणासाठी घातलेलं द्रव्य असतं, ते हवेतल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी मिळून पांढऱ्या कापडावर पिवळे डाग पाडतं. दुकानातल्या वेष्टनात जपून ठेवलेली नवी पांढरी चादर घडीवर पिवळी का पडली, याचं एक संभाव्य उत्तर मिळालं. आता जुन्या सुती अभ्र्यांतच चादरीच्या जोड्या ठेवते, एका अभ्र्यात एक अख्खा संच.

१४ जून

डांबरगोळ्या हद्दपार. नॅप्थॅलिनचा वास चादरीत मुरतो आणि झोपताना नाकातोंडाशी येतो, हे एक. दुसरं गंभीर आहे : जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी नॅप्थॅलिनमुळे फुटू शकतात, आणि अशा गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे तान्ही मुलं गंभीर आजारी पडल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. बाळाची दुपटी आणि पांघरुणं तर त्यांच्या आसपासही नकोत. तसंही सुती चादरी हे कसरीचं खाद्य नव्हे, ती लोकर आणि रेशमावर जगते.

१९ जून

आता कुठे सुगंधाची पाळी. घरातल्यांना वाटत होतं प्रकल्प इथून सुरू होणार.

सुगंध कापडावर नाही, कापडाशेजारी ठेवायचा, हे माझं मत आता पक्कं झालंय. सुगंधी तेल थेट चादरीवर टाकलं तर डाग पडतो, आणि तेच तेल पुढे खवट होतं. लव्हेंडरच्या सुवासाचा मोठा भाग असलेलं लिनॅलूल हवेत राहून ऑक्सिडीकृत होतं आणि मग काहींच्या त्वचेला त्याची अॅलर्जी होते. ज्या कापडावर रात्रभर गाल टेकायचा तिथे हे नको.

पातळ मलमलीच्या पुरचुंड्या शिवल्या. एकीत वाळवलेली लव्हेंडरची फुलं, दुसरीत वाळ्याच्या मुळ्यांचे तुकडे, तिसरीत देवदाराचा भुसा. लव्हेंडर पहिल्या आठवड्यात दरवळलं आणि मग मंद झालं. पुरचुंडी बोटांत चुरडली की पुन्हा जागं होतं. वाळा उलटा. आधी काहीच जाणवेना, मग हळूहळू सगळ्या कप्प्यात पसरला. त्याच्या तेलातले रेणू जड असतात, सावकाश उडतात, म्हणूनच तो टिकतो. देवदार चांगला आहे, पण माझ्या नाकाला पेन्सिलीच्या डब्याची आठवण येते. साबणाची कोरी वडी कागदातून काढून ठेवणं हा सगळ्यांत सोपा उपाय, आणि फुलांपेक्षा तो काही कमी नाही.

फवारा हवाच असेल त्यांच्यासाठी : सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही, नुसतं तरंगतं. आधी तीव्र अल्कोहोलमध्ये तेलाचे थोडे थेंब मिसळावेत, मग थोडं पाणी. पाणी जास्त झालं की मिश्रण दुधाळ होतं, म्हणजे तेल सुटायला लागलं. फवारा गादीच्या खोळीवर लांबून, सकाळी, आणि अंथरूण पूर्ण वाळल्यावरच चादर. इस्त्रीच्या किंवा ज्योतीच्या जवळ अजिबात नाही. घरात मांजर असेल तर हा नाद सोडावा, अनेक सुगंधी तेलं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत.

२६ जून

आईची अंतिम चाचणी. बरण्यांत चार कापडं : जुन्या पद्धतीने धुऊन सॉफ्टनर घातलेला अभ्रा, नव्या पद्धतीचा बिनसुगंधी, वाळ्याच्या कप्प्यातला, लव्हेंडरच्या कप्प्यातला. चारही आधी दोन रात्री वापरलेले.

सॉफ्टनरवाला शेवटून पहिला. "फुलं आणि डोकं एकत्र," असा शेरा. वाळा आणि बिनसुगंधी यांत तिला निवड करता येईना. शेवटी बिनसुगंधीवर बोट ठेवलं, कारण "याला काही वास नाही, तेच बरं." लव्हेंडर तिला झोपायच्या खोलीत जड वाटतं. हा तिच्या आवडीचा भाग, माझ्या निष्कर्षाचा नाही.

३० जून

राहिलेलं : उशी आणि गादी. अभ्रा कितीही ताजा असला तरी आतली उशी ओशट असेल तर उबेने वास वर येतोच. धुण्याजोग्या उश्या धुतल्या, पण वाळवायला जीव गेला. कृत्रिम कापसाची उशी बाहेरून कोरडी लागते आणि मधे गाभा ओला राहतो. मधे मधे थोपटून, उलटसुलट करून, पूर्ण वाळल्यावर आणखी एक दिवस. आता उशीला अभ्र्याच्या आत चेनची सुती खोळ, म्हणजे उशी धुवायची पाळी क्वचित येईल.

गादीवर खाण्याचा सोडा भुरभुरून काही तासांनी व्हॅक्यूम केला. आम्लधर्मी वासांवर त्याचा उपयोग होतो, तेल तो काढत नाही. अपेक्षा तेवढीच ठेवावी.

सकाळची सवय मात्र मोठी कामाची निघाली. उठल्याबरोबर पलंग आवरायचा नाही. पांघरूण पायाकडे उलटं टाकून, खिडकी उघडून, आंघोळ वगैरे आटपेपर्यंत गादी मोकळी ठेवायची. रात्रभराची ओल तेवढ्यात उडते. डस्ट माइट पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून जगतात, त्यामुळे कोरडी गादी त्यांनाही नकोशी. धाकट्याला हा नियम सगळ्यांत आवडला. आळसाला शास्त्राचा आधार मिळाला म्हणतो.

४ जुलै

कपाटातलं आर्द्रतामापक आज मागच्या बाजूला ६१ दाखवतंय, बाहेर सततचा पाऊस असून. सिलिका जेलच्या पुड्या मागे ठेवल्या आहेत, रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरायच्या.

पुढचं काम लोकरीच्या ब्लँकेटचं. त्याला ना ६० अंश चालतात ना परकार्बोनेट, आणि हिवाळ्यापर्यंत ते त्याच कप्प्यात राहणार आहे. ऊन पडलं की आधी झटकून, ब्रशने साफ करून दिवसभर सावलीत वाऱ्यावर टाकते, मग आईला बरणी देते.